ऐकीव आणि डोळ्यांदेखतचे: १९३८ च्या मंगळस्वारीचे श्रोते

१९३८ सालच्या ३० ऑक्टोबरला, रविवारी रात्री ८ वाजता, न्यू यॉर्क येथील कोलंबिया ध्वनिक्षेपण संस्थेच्या केंद्रावरून 'मर्क्युरी थिएटर' या नाटकमंडळीने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीचे नभोनाट्यरूप सादर केले. मंगळावरील प्राणी पृथ्वीवर उतरतात, माणसांची सैन्ये होरपळून टाकतात आणि अखेरीस येथील क्षुद्र जंतूंना बळी पडतात, एवढेच त्याचे कथानक. प्रयोग एक तासाचा होता. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स त्या वेळी २३ वर्षांचा होता. (देवनागरीत या दोघांची आडनावे एकरूप होतात, इंग्रजी लेखनातही फरक एका अक्षराचाच आहे. पुढील विवेचनात कादंबरीकाराचा निर्देश 'वेल्स' असा आणि दिग्दर्शकाचा 'ऑर्सन' असा केला आहे.)

या प्रयोगाविषयी पुढे जे लिहिले व सांगितले गेले त्यात भयाचा भाग फार मोठा आहे. लोक घरे सोडून पळाले, रस्ते गाड्यांनी तुंबले, देवळांतून प्रार्थना सुरू झाल्या, इत्यादी. प्रस्तुत निबंधाचा विषय हे भय नव्हे; भयापेक्षा अधिक काळ टिकलेली आणि अभ्यासकांनी तुलनेने उपेक्षिलेली अशी एक गोष्ट त्या रात्रीनंतर घडली. श्रोत्यांत दुफळी पडली, आणि ती दुफळी टपालात उतरली.

प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या टपालाची मोजदाद दिली आहे. मर्क्युरी मंडळीकडे १,४५० पत्रे आली. त्यांपैकी शेकडा ९१ अनुकूल होती. कोलंबियाच्या न्यू यॉर्क केंद्राकडे १,७७० आली. त्यांत १,०८६ अनुकूल आणि ६८४ प्रतिकूल. संघराज्याच्या दळणवळण आयोगाकडे ६४४ पत्रे व तारा पोचल्या. त्यांत मात्र शेकडा ६० प्रतिकूल होत्या. एकच प्रयोग, एकच रात्र, आणि तीन ठिकाणचे कौल तीन तऱ्हांचे. याचे एक उत्तर सोपे आहे: ज्याला वाखाणणी करावयाची तो कलावंताला लिहितो, ज्याला गाऱ्हाणे मांडावयाचे तो सरकारला लिहितो. आपल्याकडेही नाटक रंगले की हार नटाच्या गळ्यात पडतो आणि नाटक खटकले की अर्ज कलेक्टर कचेरीत जातो. परंतु या उत्तराने टपालाची विभागणी कशी झाली एवढेच समजते. दोन्ही पक्षांचा झगडा नेमका कशावर होता, हे समजत नाही. तो झगडा नाटक चांगले की वाईट यावर नव्हता, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. कोणत्या बोलण्यावर कोणाचा अधिकार, यावर तो होता. आणि त्याचे स्वरूप मराठी व्याकरणातील एका लहानशा पदाच्या साहाय्याने पुष्कळसे उलगडते.

प्रथम प्रयोगाची घडण पाहिली पाहिजे. संहिता हॉवर्ड कॉक यांनी लिहिली. इंग्लंडमधील स्थळे त्यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात आणली आणि कादंबरीतील निवेदन मोडून त्याचे चालू ध्वनिक्षेपण केले. आरंभी नाटकाचे व मूळ लेखकाचे नाव सांगितले जाते, ऑर्सन एक गंभीर प्रस्तावना करतो, आणि तेथून नाटक जणू नाहीसे होते. हवामानाचे निवेदन लागते. एका हॉटेलातील वाद्यवृंदाचे नृत्यसंगीत सुरू होते. मध्येच ते थांबवून, मंगळावर स्फोट दिसल्याची वार्ता दिली जाते, पुन्हा संगीत, पुन्हा वार्ता. वेधशाळेतील प्राध्यापक पिअर्सन यांची मुलाखत होते. मग ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यात आकाशातून काही पडल्याचे वृत्त येते आणि वार्ताहर कार्ल फिलिप्स घटनास्थळी ध्वनिग्राहक घेऊन उभा राहतो. तो जे पाहतो ते बोलतो. बोलता बोलता त्याचा आवाज तुटतो, आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. नभोवाणीवरील शांतता ही रंगभूमीवरील शांततेसारखी नसते. रंगभूमीवर निदान पडदा तरी दिसतो.

फिलिप्सची भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिक या नटाने तालमीपूर्वी हिंडनबर्ग विमाननौकेच्या अपघाताचे ध्वनिमुद्रण वारंवार ऐकले होते. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतच ती नौका जळाली, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन हा वार्ताहर समोर पाहत बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा धीर सुटला होता. रीडिकने त्या मुद्रणातून शब्दांपेक्षा वाक्याचे मोडणे उचलले. अर्धवट राहिलेले वाक्य हे प्रत्यक्षदर्शीपणाचे सर्वांत बळकट चिन्ह असते. ऐकीव गोष्ट सांगणारा माणूस वाक्य सहसा पुरे करतो.

पुढे सेनाधिकारी, मंत्री, वैमानिक यांची बोलणी येतात. अखेरीस न्यू यॉर्कमधील उंच इमारतीवरून बोलणारा निवेदक विषारी धुरात गुदमरतो, आणि एक हौशी बिनतारीवाला कोणी ऐकत आहे काय असे विचारीत राहतो. त्याला उत्तर येत नाही. एवढे झाल्यावर, सुमारे ४० मिनिटांनी, केंद्राचा निवेदक हे नाटक असल्याचे सांगतो. त्यानंतरचा भाग अगदी निराळा आहे. प्राध्यापक पिअर्सन एकटेच आपली हकीकत सांगतात, भूतकाळात, आरंभापासून अंतापर्यंत, वेल्सच्या कादंबरीतल्यासारखी. या भागाने कोणी घाबरल्याचे ऐकिवात नाही. फारसे कोणी वाखाणल्याचेही नाही.

प्रयोगाचे नावीन्य, आणि त्यावरील वादही, म्हणून पहिल्या दोन-तृतीयांशात आहे. तेथे निवेदक म्हणून कोणी उरतच नाही. हे वैशिष्ट्य केवळ वर्तमानकाळाचे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपला कीर्तनकार द्रौपदीची कथा सांगताना सर्रास वर्तमानकाळ वापरतो; ती हाक मारते, तो धावून येतो. श्रोत्याला त्यामुळे भ्रम होत नाही, कारण कीर्तनकार स्वतः समोर उभा असतो, पूर्वरंग होऊन गेलेला असतो, मधूनमधून अभंग येतो, झांज वाजते. सांगणारा दिसत असल्यामुळे सांगितलेले हे सांगितलेलेच राहते. ऑर्सनच्या प्रयोगात सांगणारा काढून घेतला आणि पाहणारा ठेवला.

पाहणाऱ्याच्या या साक्षीचे सामर्थ्य केवढे होते, याचे एक उदाहरण त्याच रात्रीचे आहे आणि ते काहीसे विनोदी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील आर्थर बडिंग्टन आणि हॅरी हेस हे दोन प्राध्यापक जवळच उल्का पडल्याचे ऐकून ती शोधण्यास बाहेर पडले. हेस म्हणजे सागरतळाच्या विस्ताराचा सिद्धान्त १९६२ मध्ये मांडणारे पुढील काळातील थोर भूवैज्ञानिक. त्यांच्या ठिकाणी भोळेपणाचा आरोप करणे कठीण आहे. मंगळावरच्या प्राण्यांवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. उल्का पडणे मात्र शक्य कोटीतले होते, आणि ती पडल्याचे कोणी तरी डोळ्यांदेखत सांगत होते असे त्यांच्यापर्यंत पोचले होते. कॅन्ट्रिल यांच्या मुलाखतींतही असे श्रोते आढळतात की ज्यांच्या मनात मंगळ आलाच नाही. कोणाला उल्कापाताची, कोणाला जर्मन आक्रमणाची भीती वाटली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात म्यूनिकच्या पेचप्रसंगी संगीत थांबवून वार्ता देण्याची रीत अमेरिकन श्रोत्याच्या कानी पुरती बसली होती.

दोन भूवैज्ञानिक न्यू जर्सीत न पडलेली उल्का शोधीत होते, त्या वेळी वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात खरोखर पडलेल्या एका अशनीचा खड्डा लोणार गावाशेजारी उघडा पडलेला होता, आणि शास्त्रज्ञांचे बहुमत तो ज्वालामुखीचा मानीत होते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर कठीण बसाल्टात खोदल्यासारखे आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले, पण त्या विवराचाही उगम ते भूगर्भातच शोधीत होते. अशनिपाताचा पुरावा निर्णायक ठरला तो १९७३ साली, तळाखालील खडकांत प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले खनिज सापडल्यावर.

लोणारचा येथे संबंध केवळ या योगायोगापुरता नाही. त्या खड्ड्याविषयीची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहत असे. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ त्याचेच स्मारक. आता ही कथा मराठी माणूस सहज बोलण्यात कशी सांगतो ते पाहावे. 'इथे लवणासुर राहत होता' असे तो सहसा म्हणत नाही. 'इथे लवणासुर राहत होता म्हणे' असे म्हणतो. पुढेही 'विष्णूनं त्याला मारलं म्हणे', 'त्याचंच हे तळं झालं म्हणे'. 'म्हणणे' या धातूपासून निघालेले, लिंग-वचन-पुरुषाचा विकार टाकून अव्ययासारखे गोठलेले हे पद वाक्याला एक विशिष्ट शिक्का मारते: हे मी पाहिलेले नाही, मजपर्यंत आलेले आहे. तुर्की भाषेत हे काम क्रियापदाला लागणारा प्रत्यय करतो आणि तेथील कहाण्या त्याच प्रत्ययाने सांगतात. मराठीत ते ऐच्छिक आहे. पण ऐच्छिक असूनही ते जेथे टाळले जाते तेथे श्रोता कान टवकारतो.

'म्हणे' हे असत्याचे चिन्ह नव्हे, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ते उपरोधाने वापरता येते, ('म्हणे मोठा शहाणा!') आणि त्यामुळे त्यात अविश्वास अंगभूतच आहे असा समज होतो. परंतु 'इथे उल्का पडली म्हणे' हेही वाक्य तितकेच शुद्ध आहे आणि ते खरे आहे. लवणासुराची कथा आणि अशनीचा सिद्धान्त या दोहोंना लोणारचा रहिवासी एकच पद लावू शकतो, कारण दोहोंपैकी काहीही त्याने पाहिलेले नाही. 'म्हणे' खरे-खोटे ठरवीत नाही. ते साक्षीची जागा सांगते. भाषेत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि १९३८ च्या वादात दोन्ही पक्षांनी त्या एकमेकींत मिसळल्या.

आता पत्रांकडे वळू. अनुकूल पत्रांत तीन सूर स्पष्ट दिसतात. पहिला निखळ रसिकतेचा: नभोवाणीला जे केवळ नभोवाणीतच शक्य आहे ते प्रथमच करून दाखविले. दुसरा हिणवणीचा: आरंभीचे निवेदन जे ऐकत नाहीत, ज्यांना शक्याशक्यतेचा विचार नाही, ते घाबरले तर दोष त्यांचा. तिसरा सूर राजकीय म्हणावा लागेल. आयोगाकडे आलेल्या अनुकूल पत्रांपैकी बरीच नाटकाच्या प्रेमाने लिहिलेली नसून सरकारने ध्वनिक्षेपणावर नियंत्रण आणू नये या हेतूने लिहिलेली आहेत. २ नोव्हेंबरच्या वृत्तपत्रलेखात डोरोथी थॉम्पसन या विदुषीने तर ऑर्सनचे आभार मानले: केवळ आवाजाच्या बळावर जनसमूह किती सहज हलविता येतो हे त्याने, युरोपातील हुकूमशहांच्या काळात, सर्वांना दाखवून दिले.

प्रतिकूल पत्रे वृत्तपत्रांतील चित्रावरून वाटते तशी सरसकट भेदरलेल्यांची नाहीत. घाबरलेले काही जण स्तुतिपत्रे लिहितात, आणि क्षणभरही न फसलेले काही जण तक्रार करतात. भय आणि निंदा यांचा असा सरळ संबंध नसणे हीच या टपालातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. न फसलेला मनुष्य तक्रार का करतो? कारण त्याच्या दृष्टीने एक विश्वास वापरून टाकला गेला. वार्ताहराच्या तोंडचे 'मी पाहतो आहे' हे वाक्य श्रोत्याने आजवर तपासल्यावाचून स्वीकारले होते. आता पुढच्या वेळी त्याला ते तपासावे लागेल. आजारी माणसे, मुले, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांचा कळवळा अनेक पत्रांत आहे आणि तो खरा आहे, पण मूळ तक्रार ही आहे.

दोन्ही पक्षांच्या बोलण्यातील विसंगती येथे उघड होते. स्तुती करणारा म्हणतो, नाटक आहे असे चार वेळा सांगितले होते: आरंभी, मध्यंतरापूर्वी, मध्यंतरानंतर आणि अखेरीस. हे वस्तुतः खरे आहे. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या निवेदनात सुमारे ४० मिनिटांचे अंतर होते, आणि सारा प्रकार त्या अंतरातच घडला. निंदा करणारा म्हणतो, आम्हांला सांगितलेच नाही. त्याच्यापुरते हेही खरे आहे. कोलंबियाने करविलेल्या पाहणीचे जे आकडे कॅन्ट्रिल देतात त्यांनुसार, आरंभापासून ऐकणाऱ्यांपैकी शेकडा २० लोकांनी ते खरे वृत्त मानले. उशिरा यंत्र लावणाऱ्यांपैकी शेकडा ६३ लोकांनी. या आकड्यांतील दुसरा सर्वत्र उद्धृत होतो, कारण तो सोयीचा आहे: अर्धवट ऐकणारा फसतो. पहिल्याकडे लक्ष द्यावयास हवे. ज्यांनी नाटकाचे नाव स्वतःच्या कानांनी ऐकले त्यांच्यापैकीही पाचांतील एकाच्या मनातून ते निसटले. एकदाच केलेले निवेदन पुरत नाही. ते वाक्यावाक्यातून टिकवावे लागते.

लोककथनात ही सोय असते. 'आटपाट नगर' हे दोन शब्द कहाणीचे दार उघडतात, 'सुफळ संपूर्ण' ते लावून घेतात. पण त्या दोहोंच्या मध्ये दर वाक्यामागे 'म्हणे' येत राहते आणि ऐकणाऱ्यांपैकी एक जण हुंकार देत राहतो. हुंकार थांबला तर सांगणारा थांबतो. हुंकार म्हणजे होकार नव्हे. मी ऐकतो आहे आणि तू सांगतो आहेस, या नात्याची ती क्षणोक्षणीची नोंद आहे. नभोवाणीने हुंकार काढून टाकला. श्रोत्याच्या हाती उरले ते दोनच मार्ग: उठून दुसरे केंद्र लावणे, किंवा नंतर पत्र लिहिणे. या दृष्टीने ती सारी पत्रे म्हणजे उशिरा पोचलेले हुंकार आहेत.

आपल्याकडील एक आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर चालले. गीते लागण्याच्या वेळी कित्येक घरांत रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे सांगतात. ते श्रोते फसलेले नव्हते. गायक सुधीर फडके आहेत, गीते माडगूळकरांची आहेत, हे त्यांना ठाऊक होते, आणि कथा तर सर्वांनाच ठाऊक होती. आवाज यंत्रातून येतो हे ओळखूनही त्याला साक्षात उपस्थिती मानण्याची मनाची तयारी असते. अमेरिकेत ती भीतीच्या अंगाने प्रकटली, पुण्यात भक्तीच्या अंगाने.

खुद्द भयाच्या विस्ताराबाबत आता पुष्कळ सावधगिरीने बोलावे लागते. कॅन्ट्रिल यांचा अंदाज असा की सुमारे ६० लाख लोकांनी नाटक ऐकले, त्यांपैकी १७ लाखांनी ते वृत्त मानले आणि १२ लाख अस्वस्थ किंवा भयभीत झाले. हे आकडे प्रयोगानंतर सहा आठवड्यांनी घेतलेल्या पाहणीवर आधारलेले आहेत, आणि तोपर्यंत वृत्तपत्रांनी या प्रकरणावर हजारो मजकूर छापले होते. त्याच रात्री सी. ई. हूपर यांच्या संस्थेने ५,००० घरांत दूरध्वनीने केलेल्या चौकशीत हा कार्यक्रम ऐकत असल्याचे सांगणारे शेकडा २ च निघाले. कॅन्ट्रिल यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या त्या १३५ व्यक्तींच्या, आणि त्यांतील बहुतेक घाबरलेल्या म्हणूनच निवडलेल्या होत्या. जेफरसन पूली आणि मायकेल सोकोलो यांनी २०१३ मध्ये या सर्वांची कठोर छाननी केली. २०१५ मध्ये ए. ब्रॅड श्वार्ट्झ यांनी मिशिगन विद्यापीठात जतन झालेली ऑर्सनच्या नावची सुमारे १,४०० आणि राष्ट्रीय अभिलेखागारातील आयोगाकडची ६०० हून अधिक पत्रे वाचून काढली. त्यांतही भेदरलेल्यांचे प्रमाण दंतकथेच्या मानाने बरेच कमी भरले. जाहिरातीचे उत्पन्न नभोवाणीकडे ओढले जात असल्याने वृत्तपत्रांना तिची बेजबाबदारी दाखविण्यात रस होता, हेही विसरून चालणार नाही. सार्वत्रिक घबराटीची कथा, थोडक्यात, स्वतःच 'म्हणे' लावून सांगावयास हवी होती. ती लावली गेली नाही.

तरीही कॅन्ट्रिल यांच्या मुलाखती टाकाऊ ठरत नाहीत. एका श्रोत्याने खिडकीबाहेर पाहिले, रस्ता गाड्यांनी भरलेला दिसला, आणि लोक पळत सुटले आहेत असे त्याने ठरविले. दुसऱ्याने पाहिले तो रस्ता ओस होता. पुढे रस्ते उद्ध्वस्त होऊन वाहतूक अडली असावी, असे त्याने ठरविले. परस्परविरुद्ध दृश्ये आणि निष्कर्ष एकच. येथे ऐकलेल्या साक्षीने पाहिलेल्या साक्षीवर मात केली आहे. जे डोळ्यांनी दिसले त्याचा अर्थ कानांनी लावला.

परस्परविरुद्ध साक्षी जपून ठेवण्याचे काम किती अवघड असते हे मराठीच्या अभ्यासकाला 'लीळाचरित्रा'वरून ठाऊक आहे. श्रीचक्रधरांच्या भ्रमंतीत आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही दोन्ही स्थळे येतात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठिकठिकाणच्या अनुयायांना विचारून लीळा गोळा केल्या. जेथे एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी पडली, तेथे एक निवडून दुसरी टाकून देण्याऐवजी भिन्न आठवण 'वासना' या संज्ञेखाली नोंदविण्याची पद्धत त्या परंपरेत रूढ झाली. कोणी सांगितले हे त्यामुळे पुसले जात नाही. कॅन्ट्रिल यांनी नेमके उलट केले. आठवणी एकत्र करून त्यांची सरासरी काढली, आणि त्या सरासरीत प्रशंसा करणारा घाबरट आणि तक्रार करणारा निर्भय हे दोघेही हरवले. समाजशास्त्राला सरासरीवाचून गत्यंतर नाही हे मान्य केले तरी, श्रोत्यांच्या मतभेदाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याने म्हाइंभटांचा मार्ग अधिक जवळचा मानावा.

दळणवळण आयोगाने ५ डिसेंबर १९३८ रोजी प्रकरण मिटविले. शिक्षा झाली नाही, नवा नियम झाला नाही. श्रोत्यांत तत्काळ घबराट उत्पन्न होण्याचा संभव असेल तेथे नाटकात वार्तेचे सोंग घेणार नाही, असे आश्वासन कोलंबियाने आधीच दिले होते, आणि आयोगाने ते पुरेसे मानले. या आश्वासनातील अट मोठी विचारपूर्वक घातलेली आहे. वार्तेचे रूप वापरणेच निषिद्ध ठरविले असते तर स्तुती करणाऱ्यांचा पक्ष पुरता हरला असता. काहीच म्हटले नसते तर तक्रार करणाऱ्यांचा. त्याच महिन्यात एका सूपविक्रेत्या कंपनीने मर्क्युरी मंडळीचा खर्च उचलला, कार्यक्रमाचे नाव बदलले आणि ऑर्सन नामांकित नट बोलावून लोकप्रिय कादंबऱ्यांची नाट्यरूपे करू लागला. तो कार्यक्रम सुबक होता. वाद घालावा असे त्यात फारसे काही नव्हते.

वार्तेचे सोंग ऑर्सनने प्रथम घेतले असेही नाही. १६ जानेवारी १९२६ रोजी ब्रिटिश नभोवाणीवर रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने लंडनमधील दंग्याचे विनोदी वार्तानिवेदन केले होते, आणि तेही काहींनी खरे मानले. नंतरचे उदाहरण मात्र अतिशय दुःखद आहे. १२ फेब्रुवारी १९४९ रोजी एक्वादोरची राजधानी क्वितो येथे याच मंगळस्वारीचे स्पॅनिश रूप ध्वनिक्षेपित झाले. संगीत तोडून वार्ता सुरू झाली, आणि हे नाटक आहे हे श्रोत्यांना कळले तोवर फार उशीर झाला होता. ते कळताच जमाव भय सोडून संतापला आणि केंद्रावर चालून गेला. केंद्र ज्या वृत्तपत्राच्या इमारतीत होते ती इमारत पेटविण्यात आली आणि काही माणसे प्राणास मुकली. जमाव चिडला तो मंगळावरचे प्राणी न आल्याबद्दल नव्हे, हे उघड आहे. जे अमेरिकन श्रोत्याने कागदावर लिहून आयोगाकडे धाडले, तेच क्वितोच्या श्रोत्याने दगडांनी व पलित्यांनी सांगितले; आणि तेथे कोणी स्तुतिपत्र लिहिले असलेच, तर ते पोचविण्यास त्या पत्त्यावर इमारत उरली नव्हती.